वाट पाहणे, हाही एक उपचार

अमरावतीच्या कापड बाजारातील एखादी पेढी डोळ्यांसमोर आणावी. दिवाळीचे वहीपूजन आटोपले आहे, लग्नसराईची खरेदी सुरू होण्यास थोडा अवकाश आहे आणि गादीवर बसणाऱ्या सदुसष्ट वर्षांच्या बाबूजींना दाढी करताना मानेच्या डाव्या बाजूस सुपारीएवढी गाठ हातास लागते. दुखत नाही, ताप नाही, भूक उत्तम आहे. दोन महिने ते कोणास काही सांगत नाहीत. पुढे सुनेच्या लक्षात येते, तपासण्या होतात आणि अहवालावर शब्द उमटतात : ‘फॉलिक्युलर लिम्फोमा, लो ग्रेड’. घरात जणू वीज कोसळते. मुलगा त्याच रात्रीच्या मुंबईच्या गाडीची तिकिटे पाहू लागतो. आणि दुसऱ्या दिवशी तज्ज्ञ डॉक्टर शांतपणे सांगतात, “सध्या औषधाची गरज नाही. तीन महिन्यांनी या.”

कर्करोग आहे, तरीही औषध नाही, हे वाक्य व्यापारी घरास पटणे कठीण. देणे निघाले की ते ताबडतोब फेडावे, ही ज्या घरांची शिकवण, त्यांना ‘तूर्त काही करू नका’ हा सल्ला हयगयीचा वाटतो. कोणी म्हणते डॉक्टरांना कळत नाही, कोणी म्हणते त्यांनी आशा सोडली. वस्तुतः या दोन्ही समजुती चुकीच्या आहेत. सर्व कर्करोगांस एकच नियम लागू नसतो. मंदगती लिम्फोमाच्या बाबतीत केव्हा थांबावे, केव्हा उपचार सुरू करावेत आणि कोणते करावेत, यामागे चाळीस वर्षांहून अधिक काळाचा अभ्यास आहे. तो समजून घेतल्यास वऱ्हाडातील अनेक कुटुंबांची भीती, पैसा आणि धावपळ वाचू शकेल.

आजाराचे स्वरूप

शरीरात रक्तवाहिन्यांप्रमाणेच लसिकावाहिन्यांचे जाळे असते. मान, काख, जांघ, छाती व पोट येथे त्यांच्या वाटेवर छोट्या ग्रंथी असतात. संसर्गाशी लढणाऱ्या लिम्फोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशी तेथे वास करतात. या पेशींपैकी एखादीचा वाढीवरील ताबा सुटला, की तिच्यासारख्या असंख्य पेशी साठत जातात. हाच लिम्फोमा. त्याचे अनेक प्रकार आहेत. काही आठवड्यांत उग्र होतात व त्यांना त्वरित केमोथेरपी द्यावीच लागते. काही मात्र वर्षानुवर्षे रेंगाळतात. फॉलिक्युलर लिम्फोमा, मार्जिनल झोन लिम्फोमा आणि वाल्डेनस्ट्रॉम हे या दुसऱ्या, मंद वर्गातील प्रमुख प्रकार होत.

पाश्चात्त्य देशांत फॉलिक्युलर लिम्फोमाचे प्रमाण बरेच आहे. भारतात ते तुलनेने कमी आढळते. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातील २,७७३ लिम्फोमा रुग्णांच्या नमुन्यांचा अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला, त्यात सुमारे आठांत एक रुग्ण या प्रकारचा होता. म्हणजे आजार विरळ नाही, पण गावातील डॉक्टरांच्या नित्य पाहण्यातलाही नाही.

या आजाराचा एक विचित्र विरोधाभास ध्यानात घ्यावा. उग्र लिम्फोमा घातक असला, तरी त्यातील बरेच रुग्ण उपचारांनी कायमचे बरे होतात. मंद लिम्फोमा सहसा मुळासकट जात नाही. तो दबतो, काही वर्षांनी पुन्हा डोके वर काढतो, पुन्हा दबतो. मात्र आजच्या उपचारांमुळे असे अनेक रुग्ण पंधरा-वीस वर्षे आपले व्यवहार सांभाळून जगतात आणि कित्येकांचा शेवट या आजाराने नव्हे, तर वार्धक्यातील अन्य कारणांनी होतो. मुद्दल एकदम फिटणार नाही, पण हप्ते सांभाळता येतील, असे हे दीर्घ मुदतीचे कर्ज आहे.

निदान पक्के हवे

आपल्याकडे मानेतील गाठ म्हटली की प्रथम क्षयरोग आठवतो. ते स्वाभाविकही आहे, कारण भारतात ग्रंथींचा क्षय पुष्कळ आढळतो. परंतु तपासणीविना, केवळ अंदाजाने क्षयाच्या गोळ्या सुरू करणे आणि सहा महिने वाट पाहणे धोक्याचे ठरू शकते. लिम्फोमाच्या गाठी कधी कधी आपोआप लहान-मोठ्या होतात, त्यामुळे गोळ्या लागू पडल्याचा भासही होतो.

बारीक सुईने काढलेल्या चार पेशींवरून लिम्फोमाचा प्रकार खात्रीने ठरत नाही. शक्य असेल तेथे पूर्ण गाठ काढून तिची तपासणी करावी. त्या तुकड्यावर विशेष रंगप्रक्रिया करून पेशींवरील सीडी-२० सारख्या खुणा पाहतात. या एका तपासणीवर पुढील सर्व उपचार अवलंबून असतात, म्हणून मेणात बसवलेला तो तुकडा व काचपट्ट्या जपून ठेवाव्यात. मोठ्या केंद्रात दुसरे मत घेताना फोटो अथवा छापील अहवाल पुरत नाही, तुकडाच पुन्हा पाहिला जातो. दुकानाच्या खरेदीखतासारखे हे मूळ कागद समजावेत.

त्यानंतर पेट-सीटी स्कॅन, रक्ताच्या तपासण्या, आणि गरजेनुसार अस्थिमज्जेची तपासणी होते. हिपॅटायटीस बी या काविळीची चाचणी तर विसरता कामा नये. पुढे ज्या औषधाचा उल्लेख येईल, त्यामुळे शरीरात दडून बसलेला हा विषाणू पुन्हा जागा होऊन यकृतास गंभीर इजा करू शकतो.

न देण्यामागचे शास्त्र

१९८४ साली अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या सँड्रा हॉर्निंग व सॉल रोझेनबर्ग यांनी अशा ८३ रुग्णांची हकीकत प्रसिद्ध केली, ज्यांना मंद लिम्फोमा असूनही आरंभी कोणताही उपचार दिला गेला नव्हता. उपचारांची गरज पडेपर्यंतचा मध्य कालावधी सुमारे तीन वर्षे निघाला. त्याहून नवलाची गोष्ट अशी, की ८३ पैकी १९ जणांच्या गाठी कोणत्याही औषधाविना काही काळ ओसरल्या.

तरीही शंका उरतेच : लवकर औषध दिले असते, तर आयुष्य वाढले नसते काय? या प्रश्नाचा निकाल ब्रिटनमधील एका मोठ्या चाचणीने लावला. लक्षणे नसलेल्या ३०९ रुग्णांपैकी निम्म्यांना लगेच केमोथेरपीची गोळी दिली आणि निम्म्यांना केवळ देखरेखीखाली ठेवले. २००३ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष आले. दोन्ही गटांच्या आयुर्मानात फरक नव्हता. देखरेखीतील रुग्णांपैकी दहा वर्षांनंतरही केमोथेरपी न लागण्याची शक्यता १९ टक्के होती, आणि सत्तरीपुढील रुग्णांत तर ती ४० टक्के होती. म्हणजेच जी औषधे आज घेतल्याने आयुष्य वाढत नाही, त्यांचा त्रास आज कशासाठी सोसायचा, हा प्रश्न रास्त ठरतो.

अर्थात ‘वाट पाहणे’ म्हणजे विसरणे नव्हे. जैन घरांस ‘जयणा’ हा शब्द परिचित आहे. पाऊल टाकताना, पाणी गाळताना, दिवा लावताना सतत सावध राहणे, म्हणजे जयणा. ही देखरेख तशीच आहे. आरंभी दर तीन महिन्यांनी, पुढे डॉक्टर सांगतील त्या अंतराने तपासणी व रक्तचाचण्या करायच्या असतात. पुढील गोष्टी आढळल्यास ठरलेल्या तारखेची वाट न पाहता डॉक्टरांकडे जावे : कारण न सापडणारा ताप, रात्री कपडे भिजतील इतका घाम, सहा महिन्यांत दहा टक्क्यांहून अधिक वजन घटणे, एखादी गाठ झपाट्याने वाढणे, पोट भरल्यासारखे वाटणे, दम लागणे किंवा अंगावर निळे डाग उमटणे.

उपचार सुरू करण्याचे निकषही ठरलेले आहेत. सात सेंटिमीटरहून मोठी गाठ, तीन सेंटिमीटरहून मोठ्या गाठी तीन निरनिराळ्या भागांत असणे, प्लीहा वाढणे, छातीत वा पोटात पाणी साठणे, रक्तपेशी घटणे, मूत्रपिंडासारख्या अवयवावर दाब येणे किंवा वर सांगितलेली लक्षणे दिसणे, यांपैकी काही असल्यास थांबणे योग्य नव्हे.

उपचारांच्या पायऱ्या

आजार एकाच भागापुरता असेल, तर रेडिएशन, ज्याला लोकभाषेत ‘शेक’ म्हणतात, ते दिले जाते. थोड्या रुग्णांत एवढ्यानेच आजार कायमचा जाण्याची आशा असते, म्हणून येथे वाट न पाहता उपचार सुचवतात. यात साधारण २४ ग्रे इतकी मध्यम मात्रा पुरते. केवळ त्रासदायक गाठ बसवायची असेल, तर दोन दिवसांत मिळून ४ ग्रे एवढी अल्प मात्राही पुष्कळदा उपयोगी पडते.

आजार पसरलेला असेल आणि वर सांगितलेले निकष लागू होत असतील, तर रिटुक्सिमॅब हे औषध बहुधा केंद्रस्थानी असते. हे केमोथेरपीचे औषध नव्हे, तर प्रतिपिंड आहे. पेशीवरील सीडी-२० ही खूण ओळखून ते तेथे चिकटते आणि शरीराच्या संरक्षक यंत्रणेस ती पेशी नष्ट करावयास लावते. १९९७ साली अमेरिकेत त्यास मान्यता मिळाली. आरंभी ते सामान्य भारतीय कुटुंबाच्या आवाक्याबाहेर होते. २००७ साली हैदराबादच्या डॉ. रेड्डीज कंपनीने त्याची भारतीय आवृत्ती ‘रेडिटक्स’ नावाने सुमारे निम्म्या किमतीस आणली, पुढे इतर कंपन्याही आल्या आणि स्पर्धेने किंमत आणखी उतरली. वऱ्हाडातील रुग्णास आज हे औषध मिळू शकते, त्याचे बरेचसे श्रेय या भारतीय उत्पादनास आहे.

आजार थोडा असेल, तर रिटुक्सिमॅब एकटे देता येते. भार जास्त असेल, तर त्याच्या जोडीस केमोथेरपी लागते. पूर्वी चार औषधांची ‘चॉप’ पद्धती प्रचलित होती. जर्मनीतील चाचणीत तिची तुलना रिटुक्सिमॅब व बेंडामुस्टीन या जोडीशी केली गेली. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार, आजार पुन्हा वाढेपर्यंतचा मध्य कालावधी ‘चॉप’ गटात ३१.२ महिने होता, तर बेंडामुस्टीन गटात ६९.५ महिने. शिवाय दुसऱ्या गटात केस गळाले नाहीत. मात्र एकूण आयुर्मान दोन्हींत सारखेच राहिले आणि बेंडामुस्टीननंतर संसर्गाचा धोका बराच काळ टिकतो. म्हणून वय, साखर, हृदयाची स्थिती पाहून डॉक्टर निवड करतात. शेजारच्या रुग्णास जे दिले तेच आपल्यास का नाही, हा प्रश्न विचारावा जरूर, पण उत्तर वेगळे असू शकते हे मान्य करावे.

पहिला टप्पा यशस्वी झाल्यावर दर दोन महिन्यांनी, दोन वर्षे रिटुक्सिमॅब चालू ठेवण्याची पद्धत आहे. त्याने आजार अधिक काळ दबलेला राहतो. दहा वर्षांच्या पाहणीत असे ५१ टक्के रुग्ण आजार न वाढता राहिले, न घेणाऱ्यांत हे प्रमाण ३५ टक्के होते. परंतु एकूण आयुर्मान दोन्हींत सारखेच होते. म्हणून खर्च, प्रवास व संसर्गाचा धोका यांचा विचार करून हा भाग ऐच्छिक मानता येतो. अनेक घरे केवळ ‘डॉक्टर नाराज होतील’ म्हणून हा प्रश्न विचारत नाहीत. तो विचारावा.

आजार परतल्यास लेनालिडोमाइड या कॅप्सूलसह रिटुक्सिमॅब, अन्य प्रतिपिंडे आणि निवडक रुग्णांत स्वतःच्याच मूळपेशींचे प्रत्यारोपण हे मार्ग आहेत. या प्रत्यारोपण शास्त्राची भारतातील मुहूर्तमेढ डॉ. सुरेश अडवाणी यांनी १९८३ साली टाटा स्मारक रुग्णालयात रोवली. बालपणीच्या पोलिओमुळे चाकांच्या खुर्चीवर बसून त्यांनी हे काम केले.

सर्वांत नवा मार्ग म्हणजे कार-टी पेशी. रुग्णाच्याच लढाऊ पेशी काढून, प्रयोगशाळेत त्यांना कर्कपेशी ओळखण्यास शिकवून पुन्हा शरीरात सोडतात. आयआयटी मुंबई, टाटा स्मारक केंद्र व इम्युनोॲक्ट यांनी मिळून घडवलेल्या ‘नेक्सकार-१९’ या भारतीय उपचारास ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्यता मिळाली आणि ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते आयआयटी मुंबईत त्याचे लोकार्पण झाले. परदेशी किमतीच्या सुमारे एक दशांशात तो मिळतो, तरीही खर्च लाखांत आहे. इतर उपाय थकल्यावरचा हा मार्ग असून पहिल्याच दिवशी त्याचा आग्रह धरण्याचे कारण नाही.

मंद लिम्फोमा दरवर्षी सुमारे दोन-तीन टक्के रुग्णांत उग्र रूप धारण करतो. म्हणून आजार अचानक वाढला, तर जुन्या अहवालावर विसंबू नये, नव्या गाठीचा तुकडा पुन्हा तपासावा. याच्या उलट एक सुखद अपवादही आहे. जठराच्या मार्जिनल झोन लिम्फोमाचे मूळ पुष्कळदा हेलिकोबॅक्टर पायलोरी या जिवाणूत असते. दोन आठवड्यांच्या प्रतिजैविक गोळ्यांनी तो जिवाणू नष्ट केला, की अनेक रुग्णांत लिम्फोमाही विरतो. कर्करोग प्रतिजैविकाने ओसरावा, हे १९९३ साली प्रथम प्रसिद्ध झाले, तेव्हा वैद्यकविश्वही चकित झाले होते.

औषध आणि अहिंसा

जैन घरांत एक प्रश्न हळू आवाजात विचारला जातो : हे औषध प्राण्यांपासून बनते काय? उत्तर स्पष्ट असावे. रिटुक्सिमॅबच्या रचनेत उंदराच्या व मानवाच्या प्रतिपिंडांचे अंश एकत्र केलेले आहेत. त्याचे उत्पादन हॅमस्टर या उंदरासारख्या प्राण्याच्या पेशींमध्ये होते. परंतु या पेशींचा वंश १९५७ पासून प्रयोगशाळेत वाढवला जात आहे, प्रत्येक इंजेक्शनासाठी नवा जीव घेतला जात नाही. औषधाच्या मूळ संशोधनात प्राण्यांवरील प्रयोग झाले, हेही नाकारता येत नाही. कोणी याकडे उपकारबुद्धीने पाहील, कोणी प्रायश्चित्तबुद्धीने. अनेकान्त मानणाऱ्या समाजाने दोन्हींचा आदर राखावा. पण हा निर्णय रुग्णाने पूर्ण माहितीनिशी, शक्य तर आपल्या गुरुमहाराजांशी बोलून घ्यावा. घरच्यांनी परस्पर लपवून औषध देऊ नये, तसेच अर्धवट माहितीवर ते नाकारूही नये.

कॅप्सूलचे कवच बहुधा जिलेटिनचे, म्हणजे प्राणिजन्य असते. म्हणून काही जण कवच उघडून आतील भुकटी घेतात. लेनालिडोमाइडच्या बाबतीत हे कदापि करू नये. त्याची भुकटी गर्भास अत्यंत घातक आहे. घरात सून वा लेक गर्भवती असेल, तर नुसत्या हाताळणीनेही धोका संभवतो. आक्षेप असल्यास डॉक्टरांना पर्याय विचारावा.

उपवासाबाबतही असेच. केमोथेरपीच्या दिवसांत अठ्ठाई किंवा सलग उपवासांचा संकल्प डॉक्टरांना न सांगता करू नये. चौविहार करणाऱ्यांनी पच्चक्खाण घेताना आजारपणातील औषध व पाण्याचा आगार आधीच ठेवावा. केमोथेरपीनंतर १००.४ अंश फॅरनहाइट किंवा अधिक ताप आल्यास ती तातडीची स्थिती असते, सूर्योदयाची वाट न पाहता रात्रीच रुग्णालय गाठावे. उकळलेले पाणी आणि ताजे, गरम, त्याच वेळी शिजवलेले अन्न ही आपली परंपरा मात्र या काळात डॉक्टरांच्या सूचनांशी तंतोतंत जुळते.

जमाखर्चाची बाजू

दीर्घ आजारात पहिल्या महिन्यातच सगळ्या ठेवी मोडणे, हा व्यापारी कुटुंबांत वारंवार दिसणारा दोष. घाबरून केलेला खर्च पुढील पंधरा वर्षांची शिदोरी संपवतो. ठेवी निरनिराळ्या मुदतींत विभागाव्यात, म्हणजे दर काही महिन्यांनी थोडी रक्कम हाती येईल. खात्यांवर नामनिर्देशन व ‘दोघांपैकी कोणीही अथवा हयात’ अशी सोय असावी. पेढी भागीदारीची असेल, तर करारपत्र एकदा वाचून घ्यावे. इच्छापत्र करणे म्हणजे अशुभ चिंतन नव्हे.

आरोग्य विम्याचा हप्ता ‘सध्या औषध चालू नाही’ म्हणून चुकवू नये. पॉलिसी एकदा खंडित झाली, की या निदानासह नवी मिळणे अवघड. नवा अर्ज भरताना गाठ लपवू नये. २०२४ च्या नियमांनुसार पूर्वीच्या आजारांसाठी प्रतीक्षाकाल जास्तीत जास्त ३६ महिने आहे आणि सलग ६० महिने पूर्ण झाल्यावर फसवणूक सिद्ध झाल्याखेरीज माहिती दडवल्याच्या सबबीवर दावा नाकारता येत नाही. रिटुक्सिमॅब दिवसभरात देऊन रुग्णास घरी सोडतात, म्हणून पॉलिसीत ‘डे केअर’ व प्रतिपिंड उपचारांची मर्यादा किती, हे आधीच वाचावे.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आता राज्यातील सर्व कुटुंबांसाठी खुली असून आयुष्मान भारतसह प्रतिवर्षी प्रतिकुटुंब ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे. ‘आपण सधन, आपल्याला सरकारी योजना कशाला’ हा संकोच सोडून संलग्न रुग्णालयाच्या आरोग्यमित्रास विचारावे. जुनी करपद्धती स्वीकारणाऱ्यांस आयकर कायदा १९६१ च्या कलम ८०डीडीबी खाली ४०,००० रुपये, ज्येष्ठ नागरिकांसाठी १,००,००० रुपयांपर्यंत वजावटीची तरतूद होती. चालू वर्षातील कलम कर सल्लागाराकडून पाहून घ्यावे. उपचारासाठी जाणाऱ्या कर्करुग्णास व सोबत्यास रेल्वेभाड्यात मोठी सवलत मिळते. शयनयान व तृतीय वातानुकूलित वर्गात रुग्णाचे भाडे पूर्ण माफ असते.

कोठे जावे

अमरावतीहून नागपूर दीडशे किलोमीटरच्या आसपास. तेथे राष्ट्रसंत तुकडोजी प्रादेशिक कर्करोग रुग्णालय आणि जामठा येथील नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूट आहे. ज्यांच्या नावाने पहिले रुग्णालय उभे आहे, ते अमरावती जिल्ह्याचे तुकडोजी महाराज स्वतः १९६८ साली कर्करोगानेच गेले. अकोला, मूर्तिजापूर, बडनेऱ्याच्या रुग्णांस मुंबईची थेट गाडी असल्याने टाटा स्मारक रुग्णालयही दूर वाटत नाही. लेडी मेहेरबाई टाटा यांचा १९३१ साली ल्युकेमियाने मृत्यू झाला, त्यांच्या स्मरणार्थ २८ फेब्रुवारी १९४१ रोजी ते सुरू झाले. परळहून जवळच, दादरला गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा कर्करुग्णांस आसरा देते. शेंडगावात जन्मलेल्या या वऱ्हाडी संताची पुण्याई आजही वऱ्हाडातल्या रुग्णाच्या कामी येते.

मात्र दरवेळी मुंबई गाठण्याची आवश्यकता नाही. निदान व उपचाराचा आराखडा मोठ्या केंद्रात ठरवावा आणि देखरेख, रक्तचाचण्या व शक्य तेथे इंजेक्शने अमरावती-अकोल्यातील कर्करोगतज्ज्ञांकडे घ्यावीत. २०१२ साली सुरू झालेल्या नॅशनल कॅन्सर ग्रिडमुळे देशभरातील केंद्रे समान उपचारपद्धतीने जोडली जात आहेत.

बोलणे टाळू नये

अखेर त्या पेढीकडे वळू. बाबूजींनी दोन महिने गाठ लपवली, त्याचे कारण भीती नव्हते. नातीची सोयरीक ठरत होती. घरात कर्करोग आहे असे कळले तर स्थळ मोडेल, हे त्यांनी मनाशी धरले होते. हा विचार अनेक घरांत होतो, म्हणून त्याचे उत्तर समाजाने द्यावयास हवे. लिम्फोमा संसर्गजन्य नाही. एका ताटात जेवल्याने, एका खोलीत झोपल्याने तो होत नाही. जवळच्या नातलगास असल्यास इतरांचा धोका किंचित वाढतो, पण तो इतका अल्प आहे, की त्यावरून सोयरीक मोडणे हा अन्याय ठरेल.

मुलानेही एक गोष्ट शिकावी. वडिलांवरील प्रेम सिद्ध करण्यासाठी अनावश्यक सलाइन लावून घेण्याची गरज नसते. दर तीन महिन्यांची तारीख चोपडीत लिहून ठेवणे, त्या दिवशी दुकान दुसऱ्यावर सोपवून सोबत जाणे, डॉक्टरांचे उत्तर वडिलांच्या समक्ष ऐकणे, हे अधिक मोलाचे. आणि ‘कॅन्सर’ हा शब्द कानी पडताच ज्या वृद्धांच्या मनात अंतिम आराधनेचा विचार येतो, त्यांना कोणीतरी शांतपणे सांगावे, की हा आजार बहुधा अजून बरीच वर्षे देऊ करतो आहे. धर्मसाधनेचा कोणताही निर्णय खऱ्या माहितीवर उभा असावा, भयावर नव्हे.

मंद लिम्फोमाच्या रुग्णाने सकाळी देरासरात जावे, दुपारी गादीवर बसावे, नातीच्या लग्नात अक्षता टाकाव्यात. तीन महिन्यांनी तपासणीस जावे आणि ‘सध्या औषधाची गरज नाही’ हे वाक्य पुन्हा ऐकावयास मिळाले, तर ते निश्चिंत मनाने घरी सांगावे.